काही होत नाही, दादा

भिण्याच्या बाबतीत माझ्या साडूंचा हात धरेल असा माणूस मुलुंडपासून अंधेरीपर्यंत शोधून सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान; मी त्यांना दादा म्हणतो. राहायला घाटकोपरला, वय पन्नाशीच्या पुढे, उंची सहा फूट आणि मिशा अशा की पहिल्यांदा भेटणारा माणूस उगाचच खुर्चीतून उठून उभा राहतो. पण हा एवढा देह घराबाहेर पडताना कुलूप चार वेळा ओढून बघतो, अर्ध्या जिन्यातून परत वर जातो, आणि रिक्षा हायवेला लागली की म्हणतो, "गॅस बंद केल्याचं मला आठवतंय रे. पण ते कालचं आठवत असेल तर?" लिफ्टमध्ये ते एकटे चढत नाहीत, कारण अडकलो तर सोबत कोण? आणि चौघं असतील तरी चढत नाहीत, कारण वजन जास्त झालं तर? जुहूला गेलो तर समुद्राकडे तोंड करून बसायची त्यांना भीती वाटते आणि पाठ करून बसायची त्याहून जास्त, त्यामुळे ते तिरके बसून भेळ खातात. आम्ही हसायचो आणि तेही हसायचे, पण भ्यायचं काही सोडायचे नाहीत.

अंधेरीच्या एमआयडीसीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ते टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम, आणि या कामासाठी देवाने त्यांना मुद्दाम घडवलं असावं, कारण जिथे काहीच बिघडलेलं नाही तिथेही त्यांना बिघाडाचा वास यायचा. वीस वर्षं त्यांनी पासबुक छापायचे प्रोग्रॅम तपासले. तपासणीचं मशीन वेगळ्या खोलीत, खोलीला कुलूप, आणि संध्याकाळी त्यावरचं सगळं पुसून मगच घरी जायचं. त्या पुसण्यावर त्यांचा फार जीव होता. मग कंपनीला नवं काम मिळालं. रुग्णांची देखभाल करायला शिकवणाऱ्या एका संस्थेची प्रमाणपत्रं ब्लॉकचेनवर ठेवायची, म्हणजे कुणाला खोटी करता येऊ नयेत. कंपनीच्या मॅडमनी त्यांना सरळ सांगितलं, "महिन्याभरात शिकून घ्या. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." या वयात नोकरी गेली तर दुसरी कोण देणार? ताईंचा मला फोन आला, "तुम्ही त्याच लाइनमध्ये आहात ना? यांना जरा शिकवा हो. दोन दिवस नीट जेवले नाहीत."

दर रविवारी दुपारी ते माझ्याकडे मुलुंडला यायला लागले. मी त्यांना समजावलं की ब्लॉकचेन म्हणजे एक वही, जिच्या प्रती जगभरातल्या संगणकांवर असतात आणि जिच्यात लिहिलेलं कुणालाही खोडता येत नाही. खऱ्या वहीत लिहायला खरे पैसे पडतात, म्हणून सरावासाठी तशीच दुसरी वही ठेवलेली असते. तिला टेस्टनेट म्हणतात. तिथली नाणी फुकट मिळतात आणि त्यांना काडीची किंमत नसते. "फुकट कोण देतं?" त्यांनी लगेच विचारलं. मी ती नाणी वाटणारी वेबसाइट दाखवली. अशा वेबसाइटला नळ म्हणतात आणि तो दिवसातून एकदाच सुटतो, हे ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा गंभीर झाला. नळ जाऊ शकतो ही गोष्ट चाळीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी साडेपाचचा गजर लावून नाणी भरायला लागले. महिनाभरात त्यांच्याकडे एवढी नाणी साठली की सात पिढ्यांनी टेस्टिंग केलं असतं तरी सरली नसती. खातं उघडताना जे बारा गुप्त शब्द मिळतात, ते त्यांनी चार चिठ्ठ्यांवर तीन-तीन करून लिहिले आणि घरात चार ठिकाणी लपवले. त्यातली एक चिठ्ठी तांदळाबरोबर धुतली गेली आणि नवं खातं उघडावं लागलं.

एक प्रश्न मात्र ते दर रविवारी विचारायचे.

"पुसायचं बटण कुठंय?"

"नाहीये, दादा."

"नाहीये म्हणजे? चुकलं तर?"

"टेस्ट आहे ना यार. काही होत नाही."

हे "काही होत नाही" मी त्या महिन्यात किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. मला शिकवायची हौस, त्यात एवढ्या मोठ्या माणसाची भीती मोडून काढायची ऐट. सरावाला नावं कुठली टाकू, असं त्यांनी शेवटच्या रविवारी विचारलं तेव्हा मी टीव्हीकडे बघत सांगितलं, "संस्थेने दिलेली विद्यार्थ्यांची यादी आहे ना? त्यातलीच एखादी ओळ उचला आणि टाका." त्यांनी मान डोलावली. त्या दिवशी जाताना त्यांनी बटणं फटाफट दाबून दाखवली, एकदाही थांबले नाहीत. ताईंना मी फोन करून म्हटलं, "दादा झकास तयार झालेत."

गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला. भारदस्त आवाज पार बसला होता. "अरे, ती वही सगळ्यांना दिसते?"

"हो. पब्लिक आहे ती."

"सगळ्यांना म्हणजे कुणालाही?"

यादीतली एक ओळ त्यांनी उचलून टाकली होती. एका मुलीचं पूर्ण नाव आणि तिचा मोबाइल नंबर. ती सरावाची वही होती, पण त्यात लिहिलेली मुलगी खरी होती, आणि महिनाभर ते मला हेच तर विचारत होते. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं गेलंय तेवढं पुरे.

मॅडमना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. मॅडम खूप बोलल्या, पण नोकरी राहिली. त्याच संध्याकाळी संस्थेकडून पत्ता घेऊन आम्ही दोघं कांजूरमार्गला त्या मुलीच्या घरी गेलो. अनोळखी दाराची बेल वाजवायलाही हा माणूस एरवी भितो. त्या दिवशी मी मागे राहिलो आणि बेल त्यांनी वाजवली. मुलगी पंचविशीची असेल. दारातच उभी राहून तिने सगळं ऐकलं. तक्रार, आरडाओरडा काही नाही. फक्त म्हणाली, "काका, हा नंबर मी फक्त तिघांना दिलाय. घर सोडून आलेय मी. नवऱ्याला कळायला नको म्हणून घेतला होता."

साडूंनी हात जोडले. मग म्हणाले, "चूक माझी आहे, पोरी. आधी नंबर बदलू. मी येतो तुझ्यासोबत."

"मी शिकवलं होतं त्यांना," मी मागून म्हणालो. ते दोघांपैकी कुणी ऐकलं की नाही, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते तिच्याबरोबर नव्या सिमकार्डासाठी दुकानात रांगेत उभे राहिले. नंबर बदलला. तिला काही त्रास झाला नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचे. मी तसं त्यांना म्हणालोही, तर ते म्हणाले, "पण तो जुना नंबर उद्या दुसऱ्या कुणाला मिळाला, आणि तिच्या नवऱ्याने लावला, तर?"

या गोष्टीला आता वर्ष होईल. सरावाच्या वह्या कधीतरी बंद करतात, मग तिथलं सगळं जातं, असं मी त्यांना सांगितलंय. तेव्हापासून भेटले की ते हळूच विचारतात, "झाली का रे बंद?" पूर्वी ते भ्याले की चारचौघांत सांगायचे आणि आम्ही हसायचो. आता ते भितात आणि गप्प बसतात. मलाही ऑफिसात बसल्याबसल्या आधी ती नोंद उघडून बघायची सवय लागली आहे, हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. नाव तिथेच असतं, नंबर तिथेच असतो. रोज ते वाचतो आणि रोज वाटतं, मी दादांना तेव्हा आणखी थोडं भिऊ द्यायला हवं होतं.