‘आल्बा’वरचा आचारी

बेनेदेत्तो ओलिवारी मला पहिल्यांदा दिसला तो एका काहिलीत उभा. ‘कोन्तेस्सा आल्बा’ नुकतीच रीवा त्रिगोसोच्या जहाज-कारखान्यातून पाण्यात उतरून जेनोआच्या धक्क्याला लागली होती. तिचा रंग अजून हाताला लागत होता. मी तिच्यावर पाव भाजायला म्हणून रुजू झालो आणि भटारखाना बघायला खाली गेलो, तर हा गृहस्थ बूट काढून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, त्या तांब्याच्या काहिलीत उभा राहून ती आतून घासत होता, आणि वर गात होता. हाताखाली सात माणसं असताना हे काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, दुसऱ्याने घासलेल्या भांड्यात मी माझ्या आईचं सूप करणार नाही.

तो कामोलीचा, मी शेजारच्या रेक्कोचा. कामोलीवाले आम्हाला चिक्कू म्हणतात, आम्ही त्यांना म्हणतो, आणि बाकीचे लोक दोघांनाही म्हणतात. कामोलीत ज्या घरात कप्तान नाही त्या घराला कुणी घर समजत नाही. बेनेदेत्तोचे दोन्ही भाऊ कप्तान होते. हा तिसऱ्या वर्गाचा आचारी. पण त्याला त्याची लाज नव्हती. तो म्हणायचा, कप्तानाची चूक वर्षाकाठी एखाद वेळी उघडकीला येते, माझं मीठ चुकलं तर अकराशे माणसांना त्याच दुपारी कळतं.

आल्बा जेनोआहून निघायची, नेपल्सला माणसं घ्यायची आणि सतरा-अठरा दिवसांनी अर्जेंटिनातल्या बोएनोस आयरेसला पोचायची. तिसऱ्या वर्गात सहा-सहा जणांची पंगत असे. प्रत्येक पंगतीचा म्होरक्या भटारखान्याच्या खिडकीशी येऊन भांडं भरून घेऊन जाई. जेनोआला चढलेली माणसं बेनेदेत्तोचं सूप चाटूनपुसून खात. भाज्या, घेवडा, जाड शेवया आणि वरून खलात कुटलेला बेसिलचा हिरवागार पाला. पण नेपल्सला दक्षिणेकडची माणसं चढली की भांडी अर्धी भरलेली परत येत. ते सूप समुद्रात जाई. बेनेदेत्तो कठड्याशी उभा राहून बघायचा.

दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, नेपल्सला सेराफीना चढली. कालाब्रियातल्या एका डोंगरगावची विधवा, तिशीच्या आतबाहेरची, डोक्याला काळा रुमाल. तिच्या दिराची चाळीस माणसांची टोळी दर वर्षी अर्जेंटिनात गव्हाच्या कापणीला जायची आणि कापण्या आटोपल्या की परत यायची. ही टोळीचा स्वयंपाक करायची. तिसऱ्या दिवशी ती भरलेलं भांडं घेऊन खिडकीशी आली.

“आचारी कोण इथला?”

“मी,” बेनेदेत्तो म्हणाला.

“मग हे परत घ्या. असली गवताची आमटी आमच्याकडे शेळीला देतात. ती पण आजारी असली तर.”

भटारखान्यात सगळ्यांचे हात थांबले. बेनेदेत्तोने डाव खाली ठेवला. “बाई, ही माझ्या आईची कृती आहे.”

“आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या नावावर तुम्ही काय खपवता ते त्या बिचारीला ठाऊक नसेल.”

बेनेदेत्तोने खिडकी लावून घेतली. पण सेराफीना तिथून तडक डॉक्टरांकडे गेली. परदेशी जाणाऱ्या माणसांची आबाळ होऊ नये म्हणून अशा प्रत्येक जहाजावर सरकारचा एक डॉक्टर असे. आमचे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, दोन दिवस कठड्याशी उभं राहून समुद्रात काय-काय जातं ते पाहिलं, आणि हुकूम काढला की येत्या रविवारी दुपारचं जेवण या बाईने रांधावं.

बेनेदेत्तो म्हणाला, त्यापेक्षा मी पाण्यात उडी टाकतो. उडी टाकली नाही. माझ्या पावभट्टीत येऊन पिठाच्या पोत्यावर भटारखान्याकडे पाठ करून बसला. सेराफीना चार बायका घेऊन आली आणि तिने आधी माझ्याकडचा शिळा पाव होता-नव्हता तेवढा मागून घेतला. त्याचा चुरा केला. तेलात लसूण, खारवलेली बारीक मासळी आणि आपल्या ट्रंकेतून आणलेल्या लाल मिरच्या टाकून तो चुरा खमंग परतला आणि उकडलेल्या मकरोनीवर घातला. वास असा सुटला की पहिल्या वर्गातली माणसं वरच्या कठड्यावरून वाकून विचारू लागली, खाली आज कोणता सण आहे. बेनेदेत्तो पाठ करूनच बसून होता, पण मी पाहत होतो, नाकपुड्या फुलत होत्या.

त्या दिवशी भांडी परत आली ती धुतल्यासारखी. सगळे गेल्यावर बेनेदेत्तोने उभ्याउभ्या एक बशी खाल्ली, मग दुसरी खाल्ली, मग “मीठ जास्त आहे,” असं म्हणून तिसरी घेतली.

पुढच्या फेरीपासून दर गुरुवारी तो तेच करू लागला. त्याला नाव काही दिलं नाही, ‘गुरुवारचं’ एवढंच म्हणायचा. एप्रिलच्या शेवटी सेराफीनाची टोळी परतीला आमच्याच जहाजावर चढली. गुरुवारी ती खिडकीशी आली. आम्ही सगळे काम करत असल्याचा आव आणून कान देत होतो.

“चुरा करपलाय,” ती म्हणाली.

“करपलेला नाही. खरपूस आहे.”

तिने आणखी एक घास घेतला, सावकाश चावला. “शेळीला नाही देणार,” ती म्हणाली आणि भांडं भरून घेऊन गेली. बेनेदेत्तो संध्याकाळपर्यंत गात होता.

मग ते दर वर्षाचंच झालं. हिवाळ्याच्या तोंडावर ती जायची, वसंतात परत यायची, आणि ते दोन प्रवास म्हणजे आमच्या भटारखान्याची दिवाळी. बेनेदेत्तोने बेसिलची रोपं पत्र्याच्या डब्यांत लावून डेकवर ठेवली होती. खलाशी त्याला माळीबुवा म्हणायचे. हरभरे किती वेळ भिजवावेत, वांग्याचा कडवटपणा कसा काढावा, असले प्रश्न घेऊन तो सेराफीनाला गाठायचा. वीस वर्षं हरभरे शिजवणारा माणूस. तीही दर वेळी नव्याने सांगायची. एकदा म्हणाली, तुमचा तो पाला टोमॅटोवर घातला तर वाईट लागत नाही. त्याने ते मला तीन वेळा सांगितलं.

एकोणीसशे चौदा सालच्या नोव्हेंबरात त्याने मन घट्ट केलं. एकट्याने गेलो तर शब्द फुटणार नाही म्हणून मला सोबत उभं केलं. ती डेकवर घेवडा निवडत बसली होती.

“कामोलीला माझं घर आहे,” तो म्हणाला. “समुद्रावर. तीन खिडक्या आहेत.”

“बरं.”

“तिथे आईशिवाय कुणी नसतं.”

“मग आईंना सांगा, खिडक्या लावून घेत जा. खारा वारा आत येतो.”

बेनेदेत्तो लाल होऊन उभा राहिला. तेव्हा ती हसली, आणि म्हणाली की परतीच्या प्रवासात सांगते.

पण परतीचा प्रवास झालाच नाही. पुढच्या वसंतात इटली लढाईत उतरली. सरकारने आल्बा ताब्यात घेतली, पांढरी रंगवली आणि तिच्यावर जखमी सैनिकांचं इस्पितळ केलं. सेराफीना दुसऱ्याच कुठल्या जहाजाने गावी गेली. आम्ही मात्र होतो तिथेच होतो. बेनेदेत्तो प्रत्येक जखमी पोराला गाव विचारायचा आणि जमेल तसं त्याच्या गावचं काहीतरी करून घालायचा. ती वर्षं कशी होती ते मी इथे सांगत नाही.

त्याने तिला पत्रं पाठवली. लिहायचो मी, कारण त्याचा हात भाजी चिरायला बरा. पत्रात सगळं सूपच असायचं. फार तर एवढं की वादळात घराच्या तिसऱ्या खिडकीची झडप निखळली आहे. सेराफीनाला वाचता येत नव्हतं. तिच्या गावात पोस्टमन पाणवठ्यावर उभा राहून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचा, हे आम्हाला फार पुढे कळलं. सात महिन्यांनी त्या पोस्टमनच्याच अक्षरात उत्तर आलं, सोबत मिरच्यांची माळ. लिहिलं होतं, हरभरे भिजवताना तमालपत्र टाकावं, आणि खिडकीचं पुढे काय झालं ते सगळ्या गावाला कळायला हवं आहे.

“यात उत्तर कुठे आहे?” बेनेदेत्तोने हिरमुसून विचारलं.

“दुसऱ्याच्या खिडकीची चौकशी कोण करतं?” मी म्हटलं. त्याने ते पत्र खिशात ठेवलं, ते शाई पुसली जाईपर्यंत.

लढाई संपली. एकोणीस सालच्या शरदात आल्बाला पुन्हा काळा रंग चढला आणि आम्ही नेपल्सला लागलो. बेनेदेत्तोने मिशांना मेण लावलं होतं. टोळी चढली, आधीपेक्षा लहान, पण सेराफीना नव्हती. तिचा दीर रोक्को खिडकीशी येऊन म्हणाला, “वहिनी यंदा कापणीला येणार नाही.” तो पुढे काही बोलणार, तोच बेनेदेत्तोने खिडकी आपटली.

सतरा दिवस तो खिडकीकडे फिरकला नाही, वाढायला दुसरे होते. सूप कधी अळणी, कधी खारट. डॉक्टरांकडे तक्रारी गेल्या. रोक्को तर निघाल्यापासून बोट लागून खाली आडवाच होता. बोएनोस आयरेसचा धक्का दिसायला लागला तेव्हा कुठे तो उठला आणि भिंत धरत-धरत भटारखान्याच्या दारात आला.

“तुम्ही माणूस आहात की कोण?” तो बेनेदेत्तोला म्हणाला. “खिडकी तोंडावर आपटलीत, निरोप मी कुणाला सांगायचा?”

“कसला निरोप?”

“वहिनी म्हणाली, घर कामोलीला आहे तर मी अर्जेंटिनात जाऊन काय करू. तुम्ही परत याल तेव्हा ती जेनोआला असेल.”

बेनेदेत्तोने डाव उचलला. मग रोक्कोला त्याने इतकं वाढलं की त्या बिचाऱ्याला पुन्हा आडवं व्हायची वेळ आली. परतीला तो रोज सकाळी जहाजाच्या इंजिनियरकडे जाऊन विचारायचा, वेगाचं काही करता येईल का. इंजिनियर म्हणायचा, उतरून ढकला.

जेनोआच्या धक्क्यावर सेराफीना ट्रंकेवर बसली होती. काळा रुमाल नव्हता, निळा होता. बेनेदेत्तो ॲप्रनसकट शिडी उतरून गेला.

“कामोलीला जाऊन आलात?” त्याने विचारलं.

“चार दिवस तिथेच आहे, तुमच्या आईंजवळ. खिडकी नीट केली. बिजागरीच गेली होती.”

“आणि सूप? आईनं सूप केलं?”

“केलं.”

“मग?”

“मग काय. इतकी वर्षं तुम्ही त्या माउलीची बदनामी करत होतात.”

तो एवढा हसला की धक्क्यावरच्या हमालांनी ओझी खाली ठेवली.

जहाज अकरा दिवस बंदरात होतं. तेवढ्यात कामोलीच्या देवळात लग्न झालं. भाऊ कप्तानाच्या पोशाखात आले, पण लोक आचाऱ्यालाच बघत होते. मी रेक्कोच्या पद्धतीची चीज भरलेली पातळ रोटी भाजून नेली. आधी बेसिलचं हिरवं वाढायचं की मिरचीचं लाल, यावर देवळाच्या पायरीपासून वाद चालू होता. शेवटी म्हाताऱ्या आईंनी दोन्ही एकाच ताटात वाढायला लावलं. तो प्रकार कुणालाही आवडला नाही. ताटं मात्र रिकामी झाली.

पुढे आल्बा काही वर्षं न्यूयॉर्कला गेली. मग तिकडच्या सरकारने माणसं घेणं जवळजवळ बंद केलं आणि आम्ही पुन्हा जुन्या वाटेला लागलो, अर्ध्या रिकाम्या पंगती घेऊन. सत्तावीस साली कळलं की तिला आता स्पेझियाला नेऊन मोडणार. जेनोआहून स्पेझिया म्हणजे एका दिवसाचं काम. पण तीस माणसं जहाजावर असणार, त्यांना जेवण लागणार. बेनेदेत्तोला विचारलं. सेराफीना म्हणाली, मी पण येणार, आणि उतारू म्हणून नाही. कप्तानाने जहाजावरच्या कामाच्या माणसांच्या यादीत तिचं नाव ‘दुसरी आचारी’ म्हणून लिहिलं. यादीत बाईचं नाव आचारी म्हणून त्याने पहिल्यांदाच लिहिलं असावं, कारण त्याने ते एकदा खोडून पुन्हा लिहिलं.

मे महिन्याची सकाळ होती, समुद्र तेलासारखा संथ. दहाच्या सुमारास आम्ही कामोलीसमोर आलो. कप्तानाने मुद्दाम जहाज किनाऱ्याजवळून घेतलं आणि तीनदा भोंगा दिला. सगळं गाव बाहेर आलं होतं. प्रत्येक खिडकीतून चादरी हलत होत्या. छपरांवर माणसं होती, मासेमारीच्या होड्या आमच्या बाजूने येत होत्या. बेनेदेत्तो कांदा परतत होता. “करपेल,” तो म्हणाला. “करपू दे,” असं म्हणून सेराफीनाने त्याला ॲप्रनला धरून डेकवर ओढत आणलं. शहाऐंशी वर्षांच्या आई घराच्या खिडकीत उभ्या राहून जेवणाच्या टेबलावरचं कापड दोन्ही हातांनी हलवत होत्या. बेनेदेत्तोने हातातला डावच हलवायला सुरुवात केली. माझ्या शेजारी उभा असलेला, भट्टीत कोळसा टाकणारा स्टोकर, ज्याला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, तो टोपी फेकत होता.

जेवण उशिरा झालं, पण झालं. तीसच्या तीस जणांनी पहिल्या वर्गाच्या जेवणघरात, मखमली खुर्च्यांवर बसून खाल्लं. सेराफीनाने कप्तानाला दोनदा वाढलं आणि तो नको म्हणत असताना तिसऱ्यांदा.

स्पेझियाला उतरल्यावर मला वाटलं, बेनेदेत्तो मागे वळून बघेल, डोळे पुसेल. तो परतीच्या गाडीची वेळ विचारत होता. आई एकट्या होत्या. आगगाडीत त्याला खिडकीशी डोकं टेकून झोप लागली. सेराफीनाने त्याची हॅट मांडीवर घेतली आणि मला हळूच म्हणाली, “आजवर अकराशे माणसांचं रांधायचे. उद्यापासून घरात तीन. या माणसाचा हात आखडणार आहे का, तुम्हीच सांगा भाऊ.”

आखडला नाही. पहिल्या आठवड्यात शेजारच्या चार घरांनी, त्याने पाठवलेलं जेवण पुरे म्हणून दारं लावून घेतली. तेव्हा दोघांनी जेनोआच्या धक्क्याजवळ एक खोली घेतली, सहा टेबलं मांडली आणि खानावळ काढली. पहिल्या दिवशी नऊ माणसं आली, त्यातले पाच आल्बावरचे स्टोकर. आत शिरताना भांडणाचा आवाज येत होता. वांगी कुणी चिरायची, यावर चाललं होतं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून वाट पाहिली. घाई कुणालाच नव्हती.