पनी की पाणी

तिरुचीच्या विमानतळावर आईनं हात माझा धरला होता आणि बोलत होती माझ्या धाकट्या भावाशी, माधवशी. "आपल्या कावेरीला पोन्नी म्हणतात, सोन्याची. ती सोडून दुसऱ्या सोन्याच्या नदीवर कशाला रे तडफडायला जाता?" मग मला म्हणाली, "तू थोरली. ह्याला सांभाळ." मी हो म्हटलं. तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत थोरलीनं नाही म्हणायची पद्धत नाही.

ही दुसरी नदी कॅनडाच्या पार उत्तरेला, अलास्काला खेटून. युकॉन. सव्वाशे वर्षांपूर्वी तिच्या क्लोंडाइक या उपनदीच्या खोऱ्यात सोनं सापडलं आणि माणसं खुळ्यासारखी इकडं धावली. बहुतेक पोचले तोवर चांगल्या जागा आधीच्यांनी बळकावलेल्या. कित्येक हात हलवत परतले, काही वाटेतच बुडाले. उपसलेल्या गोट्यांचे ढीग अजून पडून आहेत. माधव पलीकडच्या काठाला एका लहान खाणीत इंजिनियर, मी अलीकडच्या गावात नर्स. पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून सरळ चालत.

आमची मराठी तंजावरी, तमिळ मिसळलेली. इथल्या बर्फाला आम्ही तमिळातलं 'पनी'च म्हणतो.

गेल्या वसंतात माधव नदी ओलांडून येत होता. मी काठावर उभी. त्याच्या वाटेवरचा बर्फ काळा पडलेला मला दिसला. म्हणजे वरती नुसता पापुद्रा, खाली धार. मी ओरडले, "माधव, पाणी! पाणी!" वाऱ्यात त्याला ऐकू गेलं 'पनी'. पनी आहे, म्हणजे घट्ट आहे, ये. त्यानं हात हलवला आणि झपाझप यायला लागला. मी पुन्हा तेच ओरडले, तो आणखी जोरात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंग्रजी आठवेना. तोंडातून निघालं ते आईचं, लहानपणी आम्ही कालव्यात उतरायला लागलो की ती ओरडायची ते: "निल्लु रे, मेल्या!" थांब रे, मेल्या.

तो जागच्या जागी खिळला. पुढचा बर्फ खचला आणि काळं पाणी वर आलं. पोटावर पडून सरपटत तो मागं गेला, पलीकडच्या काठाला. नदी मोकळी होईपर्यंत आम्ही दोन काठांवर राहिलो, फोनवर भांडत आणि रडत.

तंजावरात मागं राहिलेल्यांनो, हे आईच्या कानावर घालू नका. ती दर रविवारी विचारते, घरी कधी येणार. तिच्या लेखी घर म्हणजे तंजावर. मला तिथली ओढ आहे, खोटं कशाला बोलू. पण माझं घर आता एवढंच, त्या शिवीला थांबणारा माणूस. या अख्ख्या नदीवर तसा एकच आहे.