नवी गाडी लेकीला

दाजींचा फोन आला तेव्हा मी उदगीरला माझ्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत उभा होतो. "अक्का गेली रे," एवढंच ते म्हणाले. सुमनअक्का, माझी थोरली बहीण, दुबलगुंडीच्या शाळेत शिकवायची. शाळा सुटल्यावर कारनं हुमनाबादला घरी निघाली होती. रोजचाच रस्ता. पाऊस नुकताच थांबलेला, आणि शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी काळ्या मातीचा चिखल डांबरावर आणून टाकला होता. बाजूच्या गाडीवाटेवरून एक मोटारसायकल एकदम समोर आली, वर नवराबायको. अक्कानं त्यांना चुकवलं. पण तिची गाडी मागून फिरली आणि आडवी जाऊन बाभळीवर आदळली. ते दोघं वाचले.

गाडी घसरली तर काय करायचं, हे अक्काइतकं मनापासून शिकलेलं माणूस माझ्या पाहण्यात नाही. तिची लेक पल्लवी लहान असताना, तिला घेऊन येत असताना, अक्काची गाडी अशीच चिखलावर गर्रकन फिरली होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण घरी येऊन अक्का मला म्हणाली, "माझे हातच गोठले रे. नुसतं ब्रेक दाबून बसले." पुढच्या सुट्टीत ती हैदराबादला गेली. तिथं ओल्या मैदानावर मुद्दाम गाडी घसरवतात आणि सावरायला शिकवतात. परत आली ती शाळकरी पोरीसारखी उड्या मारत. मग दर रविवारी दाजींच्या पडीक रानात पाणी सोडून शेजारच्या बायकांना, शाळेतल्या बाईंना ती तेच शिकवायला लागली. गाडी फिरली की आतल्या बायका किंचाळायच्या आणि अक्का ओरडायची, "झाडाकडं कामून बघायलीस? जिथं जायचंय तिथं बघ!"

दाजींचा विश्वास मात्र यंत्रावर. शेतीच्या अवजारांचं दुकान त्यांचं, नवीन काही निघालं की त्यांना झोप यायची नाही. गाडीला घसरू न देणारी ती इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेली नवी गाडी घ्यायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. एका दुपारी मी तिथं जेवायला होतो.

"चाक घसरायलंय हे गाडीला तुझ्याआधी कळतंय," दाजी म्हणाले. "ती आपणच एकेका चाकाला ब्रेक लावतीय."

"मग मी तिथं बसून काय करू? शेंगा सोलू?"

"थट्टा करू नको गं."

"थट्टा न्हाई. मशीन हाय म्हणून माणूस वळणावर बी जोरात घालतंय, त्याचं काय?"

"आन शिकलेलं माणूस मला सगळं येतंय म्हणून घालत न्हाई व्हय?"

यावर अक्का हसली, आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

नवी गाडी दारात आली, तशी पूजा आटोपून अक्कानं ती थेट त्या ओल्या रानात घातली. दाजी बांधावर डोक्याला हात लावून उभे! तिनं गाडी पुन्हा पुन्हा वळवली, घसरवायला बघितली, आणि चिखलानं माखून खाली उतरली. "तुमचं खरं हाय," ती म्हणाली. "माझा हात हलायच्या आधीच तिनं सावरलं." थोडं थांबून म्हणाली, "पण हळू जा म्हणून ती सांगत न्हाई. ते मलाच सांगावं लागंल." त्यानंतर ती बायकांना दोन्ही गोष्टी सांगायला लागली. जमलं तर यंत्र असलेलीच गाडी घ्या, आणि घेतली तरी शिका.

पुढे पल्लवीला कलबुर्गीत नोकरी लागली, रोज जाऊन येऊन करायची. अक्कानं नवी गाडी तिला दिली आणि स्वतः जुनी ठेवली. दाजी म्हणाले, "तू बी रोजच जातीस की." तर म्हणाली, "माझा हात बसलाय. तिचा अजून बसायचाय. तवर मशीन तिच्यासंगं असू द्या."

ते मोटारसायकलवाले नवराबायको दहाव्याला आले होते. बाई पल्लवीचा हात धरून रडत राहिली. पल्लवी कोरडीच. ते गेल्यावर मला म्हणाली, "ती गाडी माझ्यापाशी हुती मामा..." दाजी भेटेल त्याला विचारत होते, नव्या गाडीत असती तर वाचली असती का? मेकॅनिकलाही विचारलं. तो म्हणाला, "सांगता येत न्हाई अप्पा. वाचल्या असत्या बी." त्या एका वाक्यानं दाजी पार खचले... हात आणि यंत्र, दोन्ही हवेत हे अक्काला कळलं होतं. पण घरात तसली गाडी एकच होती, आणि ती कुणाला द्यायची हे ठरवताना ती आई होती.

पल्लवी त्यानंतर बसनंच जायची. गाडीवर धूळ साचली. मागच्या रविवारी दाजी मला म्हणाले, "तू बस तिच्याशेजारी, बघ गाडी काढती का." तिनं दार उघडलं, आत बसली, आणि तिचे गुडघे स्टेअरिंगला अडले. सीट पार पुढे ओढलेली होती. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी चाकांत हवा भरायला अक्का ती गाडी घेऊन गेली होती; दुसऱ्या दिवशी पल्लवीला सुट्टी, म्हणून गाडी तशीच उभी राहिली. अक्का ठेंगणी, पल्लवी बापासारखी उंच.

पल्लवी तशीच अवघडून बसून राहिली. हात मांडीवर.

"अशी कशी चालवशील बाळा?" मी म्हणालो. "मागं घे. अक्कानं चालू दिलं असतं का असं?"

तिनं मान हलवली. खाली हात घालून खटका शोधला, पण ओढला नाही. ओठ घट्ट दाबून समोरच्या काचेतून बघत राहिली, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं... "मामा, अजून थोडा वेळ राहू द्या अशीच."

मी माझ्या बाजूचं दार ओढून घेतलं. आम्ही दारातच, बंद गाडीत बसून राहिलो.