कल्चर शॉक : पाचपैकी शून्य

“किळस आली का?” विल्सनसरांनी विचारलं.

“कायची?” सुशीला म्हणाली. तिच्यासमोरच्या पळसाच्या पानावर लाल मुंग्यांची चटणी होती आणि ती दुसऱ्यांदा मागून घेत होती.

“चटणीची. आधी किळस आली, मग तुम्ही तिच्यावर मात केली, असं काही झालं का? नीट आठवा.”

सुशीलानं नीट आठवलं. “नाई सर. मीठ थोडं कमी पडलं.”

विल्सनसरांनी असेसमेंट शीटवर शून्य लिहिलं. मी शेजारीच बसलो होतो. हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. कॅम्प माझा होता.

मी वनखात्यातून रेंजर म्हणून रिटायर झालो. रेंजर म्हणजे जंगलाच्या एका मोठ्या तुकड्याचा कारभारी. वणव्यापासून कोर्टाच्या तारखेपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. रिटायर झाल्यावर घरी बसवेना आणि बायकोलाही मी घरी बसलेला बघवेना, म्हणून कॅम्प घ्यायला लागलो. बँका आपले ऑफिसर पाठवतात, टीमवर्क शिकायला. शाळा मुलं पाठवतात. आणि एक मिशन संस्था, जिचं नाव मी सांगणार नाही, परदेशात सेवेसाठी जाणारे उमेदवार पाठवते. विल्सनसर तिच्या नागपूर ऑफिसचे कोऑर्डिनेटर. मी बौद्ध आहे हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, “काही हरकत नाही मेश्रामजी, सापाला कुठे धर्म असतो?” माणूस वाईट नव्हता. फक्त मॅन्युअलच्या बाहेरचं त्याला दिसत नसे.

हे मॅन्युअल फार जुनं. साहेबांनी साहेबांसाठी लिहिलेलं. तिकडचा माणूस एकदम इकडच्या जंगलात आला की घाबरायचा, आजारी पडायचा आणि पुढच्या बोटीनं परत जायचा. म्हणून त्याला आधी जंगलाची सवय करायची. साप कसा ओळखायचा, अनोळखी अन्न कसं गिळायचं, झिरा कसा खणायचा. झिरा म्हणजे आटलेल्या नदीच्या वाळूत खड्डा करून काढलेलं पाणी. पुढे साहेब गेले. मॅन्युअल राहिलं.

आता गंमत अशी की वारं फिरलं. तिकडची चर्च मोठमोठी, पण आत माणसं थोडी आणि तीही म्हातारी. म्हणून आता इकडून तिकडे माणसं मागवतात. दाविद आणि सुशीला कुळमेथे हे असंच मागणीवरून निघालेलं जोडपं. दाविद आरमोरीचा, शाळेत गणित शिकवायचा आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचा. सुशीला मिशनच्या दवाखान्यात स्टाफ नर्स. दोघांना जायचं होतं नॉर्वेला, समुद्राकाठच्या एका गावी. काम काय, तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना भेटणं, त्यांची विचारपूस करणं, प्रार्थना करणं. त्यासाठी आधी मे महिन्यात गडचिरोलीच्या जंगलात पास व्हायचं.

“सर, नॉर्वेत झिरा कुठं खणायचा?” मी विल्सनसरांना फोनवर विचारलं होतं.

“मेश्रामजी, मॅन्युअल सगळ्या देशांना एकच आहे.”

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे. मी वाद घातला नाही. नोकरीत असताना मीही असे पुष्कळ उंट पाहिले आहेत, एखाददुसऱ्यावर बसलोही आहे.

मॅन्युअलची एक अट होती. कॅम्पचं गाव, तिथली माणसं, भाषा, जेवण, सगळं उमेदवाराला अनोळखी असावं. गाव निवडणं माझ्याकडे होतं. एटापल्लीच्या पुढे माझ्या ओळखीचं एक गाव आहे. नाव सांगून उपयोग नाही, तिथं बस जात नाही. वाटेत जीपमध्ये सुशीला एकसारखी बाहेर बघत गालात हसत होती. मला वाटलं, पोरगी घाबरलीय आणि तोंडावर आणत नाहीये.

जीप थांबली. एक म्हातारी पाण्याचा लोटा घेऊन धावत आली. “जोहार, जोहार” म्हणत तिनं सुशीलाचे पाय धुतले, गळ्यात पडून रडली, आणि मग माझ्याकडे वळून गोंडीत बरंच काही बोलली. लग्नानंतर पोरीला इतक्या उशिरा आणल्याबद्दल त्या शिव्या होत्या, हे नंतर कळलं. ती सुशीलाची सख्खी मावशी होती. सुशीलाचं अर्धं बालपण याच गावात गेलं होतं.

“आधी काऊन नाई सांगितलं?” मी कपाळाला हात लावला.

“तुमी विचारलंच नाई, साहेब. मले वाटलं, तुमी मुद्दाम आणलं.”

मी म्हटलं, चला, दुसरं गाव बघू. तर मावशी जीपसमोर उभी राहिली. वाघ हटवता येतो, मावशी हटवता येत नाही. कॅम्प तिथंच झाला.

माशाला पोहायला शिकवायचं म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. झिऱ्याचा धडा मी सुरू करेपर्यंत सुशीलानं तिथं केस धुऊन घेतले होते. साप निघाला तेव्हा तिनं मलाच बाजूला ओढलं. दाविद तिच्याइतका पटाईत नव्हता, पण तो पडला गावाचा जावई. ‘अपुऱ्या स्थानिक अन्नावर राहणे’ हा त्याच्या परीक्षेचा भाग होता. रोज एका घरी कोंबडं कापलं जात होतं.

“साहेब, आता मले नाई जात,” तो शेवटी हात जोडून म्हणाला. “हे नाई म्हणणं कुठी बसते का तुमच्या परीक्षेत?”

ते कुठेच बसत नव्हतं. शेवटच्या दिवशी विल्सनसर नव्याकोऱ्या ट्रेकिंगच्या बुटांत आले आणि त्यांनी किळशीचा प्रश्न विचारला. संध्याकाळपर्यंत त्यांनी शीट पूर्ण केली आणि मला बाजूला नेलं.

“दोघंही फेल आहेत मेश्रामजी.”

“फेल? त्यांना सगळं येतंय की!”

“तोच तर प्रॉब्लेम आहे. कल्चर शॉक शून्य. शॉकच नाही, तर मात कशावर करणार? तेही शून्य.”

कल्चर शॉक म्हणजे अनोळखी मुलखात माणसाला बसणारा धक्का. झोप लागत नाही, अन्न जात नाही, उगाच रडू येतं. मॅन्युअलचं म्हणणं असं, की हा धक्का इथं कॅम्पमध्ये बसून गेला पाहिजे. इथं नाही बसला तर तिकडे बसतो, आणि माणूस सहा महिन्यांत सामान बांधून परत येतो. तर्क चुकीचा नव्हता. जागा चुकीची होती.

मी सुशीला-दाविदला सांगितलं. दाविद खाली बसला. पुढची परीक्षा वर्षानं होती, आणि तोवर नॉर्वेची जागा दुसऱ्या कुणाला गेली असती. दोघांनी नोकऱ्या सोडल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे आरमोरीच्या चर्चमध्ये निरोप समारंभ होऊन गेला होता. हार घातले होते, भाषणं झाली होती, म्हाताऱ्या बाया रडल्या होत्या. आमच्या भागात निरोप घेतलेला माणूस आठवड्यानं बाजारात वांगी घेताना दिसला तर त्याचं काही खरं नसतं.

सुशीलाला त्याचं काही नव्हतं. ती वेगळ्याच गोष्टीनं पेटली होती.

“साहेब, तिकडून नर्सबाई आली होती या मुलखात. माझ्या आजीचं बाळंतपण तिनं केलं. पोटातली माझी माय अडली होती, ती वाचली. तवा तिले कोणी विचारलं नाई, तुले किळस येते का म्हणून. आता तिच्या मुलखातले म्हातारे एकटे पडून राह्यले, आन मी जातो म्हणतो तर मुंग्यांच्या चटणीवर अडवून राह्यले!”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला खरंच राग आला. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला राग आला की तो नियम वाचतो. मी मॅन्युअल मागून घेतलं आणि वाचलं. वर ‘जंगल कॅम्प’ असं मोठ्या अक्षरांत होतं, पण कलमात नुसतं ‘अनोळखी वातावरण’ लिहिलं होतं.

“सर,” मी म्हटलं, “तुम्हाला शॉकच पाहिजे ना? मी देतो. चंद्रपूरला चला.”

विल्सनसर रेंज मिळवायला टेकडीवर चढले, नागपूरला वरिष्ठांशी बोलले आणि घामाघूम होऊन उतरले. परवानगी मिळाली होती.

माझ्या भाच्याचा चंद्रपुरात नागपूर रोडला फ्लॅट आहे, रिकामाच असतो. बिल्डिंगमध्ये बदलीवर आलेली माणसं. सगळी दारं बंद. मी नॉर्वेच्या चालीचे नियम केले. एसी सोळावर. पडदे ओढलेले. संध्याकाळी पाच वाजता जेवण, तेही ब्रेड आणि थंड मासा. लिफ्टमध्ये कुणाशी बोलायचं नाही. आधी फोन केल्याशिवाय कुणाचं दार वाजवायचं नाही. आणि कुणालाही ‘जेवले का?’ विचारायचं नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात स्वेटर घालणारी ती पहिलीच माणसं असावीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि विल्सनसर गेलो. दाविद रजई घेऊन सोफ्यावर शिंकत होता. सुशीलानं दार उघडलं, आम्हाला बघितलं आणि हमसून रडायला लागली.

“काय झालं?” विल्सनसर पुढे सरसावले. “जेवण जात नाही?”

“जात नाई.”

“झोप?”

“नाई लागली सर. सकाळपासून कोणीच नाई आलं. कोणी आवाज नाई दिला. कोणी भांडलंबी नाई! भांडलं असतं तरी बरं वाटलं असतं.”

दुसऱ्याच्या रडण्यानं इतका आनंदलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. विल्सनसरांनी पाचपैकी पाच दिले आणि माझा हात दाबला. “अगदी मॅन्युअलमधल्यासारखा शॉक आहे! आता फक्त मात राहिली. उद्या येऊ.”

उद्या गेलो तर फ्लॅटला कुलूप. शेजारचं दार मात्र सताड उघडं. बाहेर चपलांचा ढीग. आतून फोडणीचा वास आणि बायकांचे आवाज. आम्ही दोघं आत शिरलो.

सुशीला एका म्हाताऱ्या गृहस्थांचं बीपी घेत होती. हे राव काका. सिरोंच्याकडचे, रिटायर इंजिनिअर, मुलं परदेशात. दाविद तिथल्या स्वयंपाकघरात आंबाडीची भाजी ढवळत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बाया खाली बसून तांदूळ निवडत होत्या आणि चौथ्या मजल्यावरच्या तिसरीबद्दल बोलत होत्या.

“हे काय?” विल्सनसर ओरडले. “फोन केला होता का?”

“नाई सर,” सुशीला खाली बघत म्हणाली. “भिंतीपलीकडून खोकला ऐकू येऊन राह्यला होता. नियम होता म्हणून थांबली, लय थांबली. मग नाई थांबवलं गेलं. दार वाजवलं, आन विचारलं, काका, जेवले का?”

“म्हणजे नियम मोडला! अपॉइंटमेंटशिवाय दुसऱ्याच्या घरात...”

“एक मिनिट,” राव काका बीपीचा पट्टा सांभाळत म्हणाले. “आपण कोण?”

“मी असेसर. नागपूर ऑफिस.”

“फोन करून आलात?”

“नाही, पण...”

“मग माझ्या घरात बूट घालून कसे काय उभे आहात?”

विल्सनसरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. ते निमूट बाहेर गेले आणि चपलांच्या ढिगाशेजारी उभे राहून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. बूट नवे होते, नाड्या सुटेनात. आतून सुशीलाचा आवाज आला, “काका, येऊ द्या त्यांले. नागपूरहून निघाले, जेवले नसतील.”

जेवले नव्हते. आंबाडीची भाजी आणि भात त्यांनी तीनदा घेतला. किळस आली का, हे मी विचारलं नाही.

खाली जीपमध्ये बसल्यावर त्यांनी शीट पुढ्यात घेतली. “मेश्रामजी, माणसं चांगली आहेत. पण नियम तर मोडला.”

“कोणाचा नियम? तो मी केला होता. मॅन्युअलमध्ये आहे का?”

त्यांनी मॅन्युअल काढलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. “नाहीये.”

“मग मोडला कसा?”

त्यांचा चेहरा उजळला. मात करणे, पाचपैकी पाच. ज्या पुस्तकानं त्या दोघांना अडवलं, त्याच पुस्तकानं सोडलं.

दोघं ऑगस्टमध्ये गेले. आरमोरीकरांनी दुसऱ्यांदा हार घातले नाहीत, एकदा घातलेत म्हणाले. हिवाळ्यात विल्सनसरांचा फोन आला. आवाज पडलेला.

“मेश्रामजी, नॉर्वेहून सुशीलाबद्दल दोन तक्रारी आल्यात. वर्षभर प्रोबेशन आहे, फाइलला लावाव्या लागतील.”

“कुणाच्या?”

“दोन्ही एकाच बाईच्या. नव्वदीची आहे, एकटी राहते. पहिली तक्रार ऑगस्टची. सुशीला न कळवता घरी येते आणि जेवलात का विचारते.”

“आणि दुसरी?”

“आत्ताची. गेल्या गुरुवारी आली नाही.”

मी म्हटलं, “सर, लावा दोन्ही फाइलला. दुसरी वर ठेवा.”

आता मी कॅम्पच्या पहिल्या दिवशी उमेदवाराला काय येतं ते आधी विचारून घेतो. ते कॅम्पमध्ये बिघडणार नाही, एवढंच ट्रेनिंग देणाऱ्यानं बघायचं असतं. बर्फात कसं चालायचं ते तिकडची माणसं शिकवतात.