मासळीच्या ट्रकातून पारधीला

ओळीने तीन वर्षं घरातला पुरुष पारधीला उभा राहिला नाही, तर त्या घराचा वाटा बंद व्हायचा. आमच्या गावचा हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. शिमग्यात, होळीनंतर पाचव्या दिवशी गाव रानात जायचं, डुक्कर मारायचं, आणि देवळासमोर सागाच्या पानांवर वाटे पडायचे. घरटी एक वाटा. घरात माणसं किती, जमीन किती, याचा काही संबंध नाही. वाटा म्हणजे ओंजळभर मटण. पण वाटा देताना गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, घराचं नाव मोठ्याने घ्यायचा. ज्या घराचं नाव घेतलं ते घर गावात आहे, असं धरलं जायचं. लग्नाचं बोलावणं असो की विहिरीवरची पाळी, सगळं त्यावरच चालायचं.

वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. परीक्षेला बसलोच नाही. गावच्याच एका माणसाने मला मुंबईला आणलं, दहिसरला नदीजवळच्या चाळीत आपल्या खोलीत पथारीपुरती जागा दिली आणि अंधेरीच्या एका वर्कशॉपमध्ये लावून दिलं. तिथे कुकरच्या रबरी रिंगा बनत. नात्याने तो माझा कुणी लागत नव्हता. मी त्याला काका म्हणायचो. खोलीत आम्ही सहा जण होतो, सगळे त्याच पंचक्रोशीतले. काकाने मला कधी काही ऐकवलं नाही, त्यामुळे मलाच सारखं वाटायचं की आज ना उद्या ऐकवेल.

मुलगा लहान असेल तर घराला सूट असायची. मी अठराचा झालो आणि सूट संपली. पहिल्या वर्षी रजा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी कावीळ झाली. तिसऱ्या वर्षी माघ महिन्यातच आईचं पत्र आलं. ती सांगायची आणि शाळेतले मास्तर लिहायचे, म्हणून पत्रात आधी ‘अनेक आशीर्वाद’ वगैरे असायचं आणि मग मध्येच तिचं बोलणं तसंच्या तसं. या वेळी तिचं एकच वाक्य होतं: ‘अवंदा ये, नायतर माका कोण दारात उभी करतलो नाय.’

मी ते पत्र काकाला वाचून दाखवलं. रविवार होता, तो दाढी करत होता.

“मग जा,” तो म्हणाला.

“खर्च आहे.”

“शिकारीक कसलो खर्च? डुक्कर काय तिकीट लावून बसलाहा?”

बाकीचे हसले. पण खर्च होताच, आणि तो डुकराचा नव्हता. एसटीचं जाण्यायेण्याचं तिकीट म्हणजे माझा आठवड्याचा पगार. जितके दिवस जाईन तितक्या दिवसांचा पगार बुडणार. बंदुकीच्या दारूसाठी घरटी पट्टी असायची, ती वेगळी. गावात परवान्याची एकच बंदूक होती, शेत राखायला म्हणून दिलेली. शिकार त्या परवान्यात कितपत बसते हे कुणी बघत नसे. हे सगळं मी कसंतरी जमवलं असतं. खरा खर्च पुढेच होता. मुंबईचा माणूस एसटीतून बाजारात उतरला की तिथे बसलेले दहा जण त्याची वाट बघत असतात. त्यांना चहा, विडीचं बंडल, पोरांना गोळ्या. नाही दिलं तर ‘मुंबयत भीक मागता वाटता’ हे आईच्या कानावर मी घरी पोचायच्या आधी जातं.

काकाने तोंडावरचा साबण पुसला आणि जरा विचार करून म्हणाला, “बाजारात उतरूच नको.”

मालवणकडून मासळीचा एक ट्रक आठवड्यातून दोनदा उपनगरातल्या बाजारांना यायचा. माल उतरवून सकाळी दहाच्या सुमारास दहिसर चेकनाक्याजवळ थांबायचा आणि रिकाम्या खोक्यांसह परत निघायचा. ड्रायव्हर काकाच्या ओळखीचा होता.

“फुकट नेतलो. फक्त मागे बसूक लागात, पुढे क्लीनर असता. गावच्या फाट्यावर सोडीत. थंयसून चालत गेलंस की थेट घरात. कोण बघणार नाय, कोण मागणार नाय. येताना मात्र एसटीने ये, ट्रकचा काय खरं नसता.”

“झकास,” खोलीतला एक जण म्हणाला. “पारधीला जाणारा पहिला बांगडा.”

मलाही बेत झकासच वाटला. जायचं तिकीट वाचत होतं, बाजार टळत होता. मी सगळं पुन्हा पुन्हा घोकून ठेवलं. एक दिवस जायला, दुसऱ्या दिवशी आंघोळ वगैरे करून पारध, तिसरा यायला, चौथा काही अडलंनडलं तर म्हणून. चौथा दिवस ठेवला याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

राहिली रजा. गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि वर्कशॉपच्या फाटकाशी रोज दोघं-तिघं काम विचारायला उभे असत. शेठसमोर काय बोलायचं ते मी मशीनवर चार दिवस मनात म्हणत होतो. प्रत्यक्षात मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, “गाव? कित्ती दिवस?”

“चार.”

“पाचव्या दिवशी आला नाहीस तर बाहेर दुसरा उभा आहे.” मग त्याने टेबलावरची एक नवीकोरी रिंग उचलली. “हे घे. आईला दे.”

आईकडे कुकर नव्हता. मी रिंग घेतली आणि दोनदा थँक्यू म्हणालो.

ट्रक वेळेवर निघाला. मागे रिकामी लाकडी खोकी रचलेली होती आणि त्यांतून वितळलेल्या बर्फाचं पाणी ठिबकत होतं. बसायला म्हणून क्लीनरने दोन गोणपाटं दिली. ती ओली होती, पण वारा लागायला लागल्यावर मी तीच अंगावर ओढून घेतली. पहिला तासभर वास आला. मग येईनासा झाला, आणि मी समजलो की वास गेला.

संध्याकाळी घाटाच्या अलीकडे ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा मोडला. तो दुरुस्त होईपर्यंत आम्ही एका गॅरेजसमोर पडून होतो. ज्या दिवशी आंघोळ करून निघायचं होतं, त्या दिवशी सकाळी साडेआठला मी फाट्यावर उतरलो. घर डावीकडे, देऊळ उजवीकडे. देवळासमोर माणसं गोळा झालेली लांबूनच दिसली. घरी जायला वेळ नव्हता, मी पळतच देवळाकडे गेलो. गाऱ्हाणं, म्हणजे शिकारीआधी देवाला घालायचं साकडं, सुरू झालं होतं. एकदा देवाला गाऱ्हाणं घातलं की पारध संपेपर्यंत कुणी घरी जायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही, अशी रीत. मी पिशवी खांद्याला तशीच ठेवून ओळीच्या शेवटी उभा राहिलो. गाऱ्हाणं संपल्यावर गावकराने माझ्याकडे बघितलं.

“इलंस?”

“इलंय.”

“बापाशीच्या जाग्यार उभो रव.”

प्रत्येक घराची रानात एक ठरलेली जागा असायची. आमची एका करवंदीच्या जाळीपाशी होती, उतारावर. डोंगराच्या पलीकडून हाकारे डबे वाजवत येणार, कुत्री पुढे. आमच्यासारख्यांनी काठी घेऊन गप्प उभं राहायचं, आणि डुक्कर आपल्या बाजूला वळलंच तर ओरडून त्याला खिंडीकडे ढकलायचं. खिंडीत बंदूकवाला बसलेला असायचा. काम अवघड नव्हतं. पण रात्रभर झोप नव्हती आणि पोटात फक्त घाटातला चहा होता.

डबे वाजायला लागले. मग कुत्री भुंकायला लागली. भुंकणं जवळ येत गेलं, अगदी माझ्याच दिशेने. मी काठी घट्ट धरली. जाळीमागून सळसळ झाली आणि पहिलं कुत्रं बाहेर आलं. मग दुसरं. मिळून सात. ती डुकरामागे नव्हती. ती सरळ माझ्यापाशी आली आणि माझी पॅन्ट चाटायला लागली. एकाने पिशवीचा बंद तोंडात धरला. मी त्यांना हुसकत होतो, पण ओरडायची छाती होईना, गप्प उभं राहायचं होतं ना. तेवढ्यात पंधरा-वीस हात अंतरावरून काहीतरी काळं, मोठं, उतारावरून खाली निघून गेलं. त्याच्यामागे कुणीच नव्हतं.

हाकारे आले. सगळ्यांत पुढे कुत्रीवाला होता, म्हातारा, साऱ्या गावाची कुत्री तोच सांभाळायचा. त्याने आधी कुत्र्यांकडे बघितलं, मग मला हुंगलं.

“मेल्या, खंय लोळलंस रे?”

“ट्रकात.”

“कसल्या?”

“मासळीच्या.”

मग एक जण म्हणाला, “पारधीक इलोहा की बांगडे विकूक?” आणि सगळे हसायला लागले. गावकर हसला नाही. पहिलं डुक्कर गेलं होतं आणि ते मोठं होतं.

“हेका ओळीतसून काढा,” तो म्हणाला.

दुसरा हाका करायचं, म्हणजे रान पुन्हा उठवायचं ठरलं. पण कुत्री मला सोडून जायला तयार नव्हती. चार ढांगा ओढून नेली की परत येत. शेवटी असं ठरलं की हाका कुत्र्यांशिवाय करायचा, आणि कुत्री दोरीला बांधून माझ्याकडेच ठेवायची. देवळाच्या वाटेवर एक कातळ आहे, तिथे मी सात दोऱ्या हाताला गुंडाळून बसलो. कुत्रीवाला शेजारी विडी ओढत बसला. वय झाल्यामुळे त्याला दुसऱ्या हाक्याला नेलं नव्हतं.

बराच वेळ मी एकच गोष्ट विचारायची की नाही हे ठरवत होतो. मग विचारली.

“मी उभा राहिलो असं धरतील ना?”

“उभो खंय?” तो म्हणाला. “तू तर बसलंस.”

दुपारनंतर बार झाला. एकच. डुक्कर पडलं, पण लहान होतं, जेमतेम वर्षाचं असेल. देवळासमोर पानं मांडली, वाटे पडले. गावकराने नावं घ्यायला सुरुवात केली. आमचं घर वडाच्या घरानंतर आणि तेल्याच्या घराआधी येतं. वडाचं नाव झालं. मग तेल्याचं झालं. मी पुढे सरकलो नव्हतो, म्हणून मागे यायचीही गरज पडली नाही. माझ्या मनात एवढंच होतं की आईला आता काय सांगायचं, आणि ते कुठल्या शब्दांत.

नावं संपली. देवाचा वाटा निघाला, बंदुकीचा निघाला. शेवटचा कुत्र्यांचा. त्यात आतडी वगैरे कुत्र्यांना, आणि मांडीचा एक तुकडा कुत्रीवाल्याला, अशी पद्धत. म्हातारा पुढे झाला.

“माझो तुकडो अर्धो करा,” तो म्हणाला. “कुत्री आज हेनाच सांभाळल्यान.”

“त्येच्यामुळेच तर गेला पयला,” मागून कुणीतरी म्हणालं.

“गेला ना. मगे हो पळालो? गाऱ्हाण्याक होतो की नाय? घराक गेलो पानी पियूक?” म्हातारा मागे न बघता बोलत होता. “वास मारता म्हणान घर खोटा होता?”

या वेळी फारसं कुणी हसलं नाही. गावकराने बाजूचं एक कोरं पान ओढलं, म्हाताऱ्याच्या तुकड्याचा अर्धा भाग कापून त्यावर ठेवला, आणि आमच्या घराचं म्हणून माझ्या वडिलांचं नाव घेतलं. आवाज बाकीच्या नावांसारखाच होता. मी दोन्ही हातांनी पान घेतलं. म्हाताऱ्याच्या पायाला हात लावावा असं वाटलं, पण तोवर तो कुत्री सोडायला गेला होता.

घरी आई अंगणातच उभी होती. तिने पान हातावर तोललं.

“केवढोसो.”

“डुक्कर लहान होतं.”

“गावकरान नाव घेतल्यान?”

“घेतलं.”

“मोठ्यान?”

“मोठ्याने.”

ती आणखी काही विचारेल म्हणून मी थांबलो. तिने नाही विचारलं. आधी न्हाऊन ये म्हणाली. रानातलं मटण आमच्याकडे घरात शिजवत नाहीत, म्हणून तिने अंगणात तीन दगड मांडले आणि परसातला जुना टोप काढला. वाटा कुठल्या पानातून आला हे मी तिला सांगितलं नाही. सात कुत्र्यांची गोष्ट एवढ्याशा गावात तिच्यापर्यंत पोचली नसेल असं मला वाटत नाही.

तिन्हीसांजेला आम्ही अंगणातच जेवायला बसलो. मटण चिवट होतं. आई डुकराचं कधी खात नसे, वडील होते तेव्हाही ती फक्त शिजवून वाढायची. त्या दिवशी तिने स्वतःच्या ताटलीत दोन फोडी घेतल्या, सावकाश चावून खाल्ल्या, आणि मीठ जरा कमी पडलं म्हणाली.