रद्द केलेल्या बिल्ट्या

ऑफिसचा कॉम्प्युटर मी मुद्दाम बंद पाडतो, असं आमच्या मालकांचं ठाम मत होतं.

एकट्या रंजनाला ते पटत नव्हतं.

रंजना काल पुण्यात वारली. सकाळी तिच्या मुलीचा फोन आला. तेव्हापासून घरात नुसता फिरतोय. पेपर उघडला, मिटला. बाहेर जाऊन आलो, कशाला ते आठवत नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. नागपूरजवळच्या वाडीतलं एक ट्रान्सपोर्ट ऑफिस. मराठीत एम.ए. करून मी तिथे बिल्ट्या लिहीत होतो. बिल्टी म्हणजे ट्रकसोबत जाणारी मालाची पावती.

मग बिल्ट्या कॉम्प्युटरवर आल्या. मशीन देणाऱ्या कंपनीनं ते सांभाळायला रंजनाला पाठवलं. प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला. ती नागपूरचीच, इंदोऱ्याची. पहिलीच नोकरी.

सकाळच्या पाळीत मशीन नीट चाले. दुपारी मी बसलो की हळू होत जाई, आणि मग ठप्प.

मी सुटीवर असलो की दिवसभर धड चाले.

खिडकीबाहेर ट्रक खोळंबलेले. ड्रायव्हर विचारायचे, "काहून गा, झोपली का तुमची मशीन? आम्ही बी झोपतो मंग."

ऑफिसातले विचारायचे, "आज किती वाजता पाडता?"

आधी उन्हाळ्याला दोष दिला. एसी लागला. मग व्होल्टेजला. स्टॅबिलायझर आला.

मग मला.

कॉम्प्युटर आला की माणसं जातात, ही धास्ती तेव्हा सगळीकडे होती. मी युनियनच्या सभेला जाऊन बसलो होतो. मालकांना तेवढं पुरलं.

"शनिवारपर्यंत हे थांबलं नाही तर याले घरी बसवा," ते मॅनेजरला म्हणाले. माझ्यासमोर.

घरी बायको आणि तान्ही मुलगी.

दुसऱ्या दिवशी रंजना शेजारच्या टर्मिनलवर येऊन बसली. तिच्या स्क्रीनवर एकच आकडा होता. मशीनमध्ये किती मेमरी मोकळी आहे, तो.

"तुम्ही तुमचं काम करा भाऊ. मी फक्त पाहून राहिली."

कुणी असं पाहत बसलं की बोटं चुकतात. व्यापाऱ्याचं नाव चुकलं. मी ती बिल्टी रद्द केली आणि नवी उघडली.

"बॅकस्पेस काहून नाही मारली?"

"खाडाखोडीची बिल्टी जकात नाक्यावाले घेत नाही."

"अवो भाऊ, स्क्रीनवर कुठली खाडाखोड?"

"माहीत आहे. पण हात ऐकून नाही राहिला वं. इतकी वर्षं कागद फाडूनच नवा घेतला."

ती हसली. मग आकड्याकडे पाहून पुढे सरकली.

"पुन्हा रद्द करा."

केली.

"अजून एक."

टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता.

"आता एक पूर्ण करा. सेव्ह करा."

केली. ती मागे टेकून बसली.

"मशीन प्रत्येक बिल्टीले जागा देते. सेव्ह झाली का ती जागा मोकळी होते. रद्द केली का होत नाही. ती मोकळी करायचं मी लिहिलंच नाही."

सकाळच्या पाळीतला माणूस बॅकस्पेस मारायचा. रद्द करणारा मी एकटाच. माझ्या प्रत्येक रद्द बिल्टीनं मशीन थोडं थोडं भरत जायचं.

दुरुस्ती एका ओळीची होती. संध्याकाळपर्यंत मशीन एकदाही अडलं नाही.

ती इथे थांबू शकली असती. ती मालकांच्या केबिनमध्ये गेली. मी दाराशी उभा राहिलो.

"सापडलं. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती."

"पण बंद तर याच्याच हातून पडत होतं ना?"

"त्यांनी रद्द केलं म्हणजे ते रद्द व्हायला पाहिजे होतं. त्यांचं काही चुकलं नाही."

"असंच कळवू तुझ्या कंपनीले?"

"कळवा."

मालकांनी कळवलं. कंपनीनं तिला परत बोलावलं. तिच्या जागी दुसरा आला. मी राहिलो.

वर्षभर तिला काम नव्हतं. मग पुणे, मग सगळं नीट झालं. ती याबद्दल कधी बोलली नाही.

एकदा फोनवर मीच विचारलं, "गुपचूप दुरुस्त करून मोकळी झाली असती तर?"

"मशीन तर चाललं असतं भाऊ. पण तुम्ही त्या ऑफिसात कसे बसले असते?"

मी बसलो, रंजना. निवृत्त होईपर्यंत मान वर करून बसलो.

तुला माझा अखेरचा जय भीम.