आजीजवळ सोडलेली पोर

मी तिसरीपर्यंत शिकलो. चौथीच्या मास्तरांचं माझ्याशी जमेना, म्हणून मी शाळा सोडली. आमची म्हातारी म्हणते, शाळेनंच यांना सोडलं. तिचं ऐकायचं नसतं.

खोपोलीच्या स्टँडबाहेर माझं पंक्चरचं दुकान. तिथल्या फळीखाली दोन-चार पोरं निजायची. रोज सकाळी मी त्यांना शिव्या घालून उठवायचो. घरी माणसं असून पोर रस्त्यावर येतं ते निव्वळ उनाडपणापायी, असं माझं ठाम मत. गिऱ्हाईकही मान डोलवायचं, कारण चाक माझ्या हातात.

दिवाळी झाली आणि त्या पोरांत एक दहाएक वर्षांची पोरगी आली. भिवपुरीकडल्या आदिवासी वाडीवरची. बोटं सगळी भेगाळलेली. आई-बाप वीटभट्टीवर, म्हणाली. तिलाही नेलं होतं. पहाटे उठून ओल्या विटा उलथायच्या, त्यात हात फुटले म्हणून पळाली. वाडीवर आजी होती, पण तिकडं जायची सोय नव्हती. भट्टीवर माणसं नेणारा मुकादम पहिला तिथंच शोधायला येणार.

इतकं सगळं तिनं सांगितलं, त्यातलं मी एकच धरलं. आजी हाय. झालं तर! पोर तिच्या माणसाच्या हवाली करीन तरच नावाचा, असं भर स्टँडवर बोलून बसलो.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, बगलेत छत्री असा निघालो. एका गिऱ्हाइकाला त्याच्या टेंपोसकट घेतलं. पोरगी माझ्याकडं बघतच राहिली.

"आजोबा, सदरा काढा. टोपीपन."

लोकांच्या घरी कसं जावं हे तू मला शिकवू नको, म्हणून मी तिला गप्प केलं.

वाडी अर्धी ओस पडलेली. दिवाळीनंतर सगळे भट्ट्यांवर जातात ते शिमग्यापर्यंत. दारं तारेनं बांधलेली. अंगणात दोन-तीन म्हातारी माणसं दिसली, पण टेंपो थांबेस्तोवर तीही गडप. वयाच्या मानानं चांगलीच पळाली. मी मधोमध उभा राहून हाका मारतोय, तेवढ्यात एका दारातून एक म्हातारी खराटा घेऊन धावत आली. पहिला फटका छत्रीवर, दुसरा पाठीत. टोपी कोंबड्यांत पडली. टेंपोवाला काच वर करून आत बसला.

मग ती दमली. खराटा टाकून तिनं माझे पाय धरले.

"मुकादमा, पोरीला नको नेऊ रं. मला ने. मी उलथीन विटा."

पांढरा सदरा घालून, टेंपो घेऊन त्या वाडीवर कोण येतं, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी मुकादम नाय, पंक्चर काढतो, असं तीनदा सांगितलं. पोरीनं मग टेंपोतून उतरून आजीला त्यांच्या बोलीत समजावलं, अन् मधूनमधून माझ्याकडं बघून हसली.

म्हातारीनं मला चहा दिला, तोही बिनसाखरेचा. म्हणाली, पोर इथं ठेवली तर चार दिवसांत उचलून नेतील. मी किती पुरी पडणार?

म्हणजे पोर इथं ठेवायची नाही. बरं, पोर परत फळीखाली नेऊन टाकायची तर स्टँडवर तोंड कसं दाखवू? शेवटी दोघींनाही टेंपोत घातलं.

घरी दारात आमची म्हातारी उभी. "पोर सोडायला गेला होता ना?"

"सोडली की. आजीजवळ."

तिनं आत जाऊन तांदूळ वाढवले.

शिमग्याला आई-बाप आले, पोरीला बघून, शाळेसाठी इथंच ठेवून गेले. पोर आता इथल्याच शाळेत जाते. फळीखालच्या पोरांना मी अजूनही शिव्या घालून उठवतो, पण आधी वाडी कुठली ते विचारतो. पोरीची आजी मला आजही मुकादमच म्हणते. सदरा ट्रंकेत आहे, आणि ती घरात असेस्तोवर तो तिथंच राहील.